वाखानची पट्टी अफगाणिस्तानच्या गळ्यात कशी पडली?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गृह मंत्रालयाच्या यादीत भारताची अफगाणिस्तानशी १०६ किलोमीटरची सीमा दिलेली असते. नकाशात अफगाणिस्तानच्या ईशान्येला जी लांब शेपटी, म्हणजे वाखानची पट्टी, दिसते, तिच्यामुळेच ही सीमा लागते. पुस्तकात एवढंच आहे की ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यं एकमेकांना भिडू नयेत म्हणून ही पट्टी ‘बफर’ ठेवली. हे नेमकं कोणी, कधी, कसं ठरवलं? आणि त्या बफरचा उपयोग झाला का?

मी पंचवीसेक वर्षं सीमांचा इतिहास शिकवतोय, आणि त्याआधी काही वर्षं जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांच्या याद्या करण्यात घालवली आहेत. या प्रश्नाचं परीक्षेपुरतं उत्तर एका ओळीचं आहे: ११ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री किंबर्ली आणि रशियन राजदूत स्टाल यांनी पत्रांची देवाणघेवाण केली आणि ही पट्टी अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान याच्याकडे ठेवायचं ठरलं. एवढंच लिहिलंत तर गुण मिळतील. पण हे वाचून असं वाटतं की दोन मुत्सद्द्यांनी नकाशा पुढे ओढला आणि विचारपूर्वक एक उशी मध्ये ठेवली. तसं झालेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी न पाहिलेल्या नदीवर बेतलेला एक मजकूर, राजधानीचं न ऐकता पुढे सरकणारे दोन्हीकडचे अधिकारी, आणि ज्याला ती जमीन नकोच होती असा एक राजा, यांच्या ओढाताणीतून ती पट्टी उरली.

मध्ये एखादं राज्य ठेवून शत्रूला लांब राखायची कल्पना त्याहून जुनी आहे, आणि तिच्या सुरुवातीला आपल्या ओळखीचा एक माणूस उभा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्याला खडकीच्या लढाईमुळे आणि मुंबईच्या कॉलेजमुळे माहीत असतो. पुण्याचा रेसिडेंट होण्याआधी, १८०९ साली, तो पेशावरला अफगाणांचा राजा शाह शुजा याच्या दरबारी कंपनीचा वकील म्हणून गेला होता. तेव्हा धास्ती नेपोलियनची होती. करार झाला, आणि काही आठवड्यांतच शाह शुजाची गादी गेली. ‘मधल्या’ राज्याशी करार करताना ते राज्य उद्या असेल का, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. पुढे त्याच शाह शुजाला परत गादीवर बसवायला कंपनीने १८३९ मध्ये फौज नेली आणि १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना तिथली फौज जवळजवळ सगळी गमावली. कुलाब्याचं अफगाण चर्च त्याच युद्धातल्या आणि सिंधच्या मोहिमेतल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं आहे. कधी तिकडे गेलात तर आत जाऊन भिंतींवरची नावं जरूर वाचा. ‘ग्रेट गेम’, म्हणजे मध्य आशियासाठीची ब्रिटन आणि रशियाची चढाओढ, या शब्दामागे काय होतं ते तिथे कळतं.

आता मूळ मुद्दा. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतलं, १८६८ मध्ये समरकंद, १८७३ मध्ये खिवा. त्याआधी १८६४ मध्ये रशियाचा परराष्ट्रमंत्री गोर्चाकोव्ह याने युरोपातल्या दरबारांना एक परिपत्रक पाठवलं होतं. त्याचा आशय असा: सीमेवर भटक्या टोळ्या असल्या की एकीचा बंदोबस्त करावा लागतो, मग तिच्या पलीकडच्या टोळीचा, आणि थांबायचं कुठे हेच सगळ्यात अवघड होऊन बसतं. कित्येक जण याला निव्वळ सबब समजतात. मला त्यात बरंच खरं दिसतं. सेंट पीटर्सबर्गहून ‘थांबा’ असं पत्र निघून सीमेवर पोचेपर्यंत सेनापतीने पुढचं शहर घेतलेलं असायचं. कलकत्त्याच्या आणि लंडनच्या बाबतीतही सीमेवरचे तरुण कॅप्टन असेच पुढे धावत होते.

म्हणून लंडन आणि सेंट पीटर्सबर्गने कागदावर रेघ ठरवायची धडपड केली. ऑक्टोबर १८७२ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिलने कळवलं की तेव्हाच्या अफगाण अमीराच्या ताब्यातला मुलूख आम्ही असा धरतो: बदख्शान आणि त्याच्या अखत्यारीतलं वाखान, पूर्वेला ‘वुडचं सरोवर’ म्हणजे सरीकुल, तिथून कोकचा नदी ऑक्ससला (म्हणजे अमू दर्याला) मिळते तिथपर्यंत, आणि ऑक्सस ही त्याची उत्तर सीमा. जानेवारी १८७३ मध्ये गोर्चाकोव्हने ते मान्य केलं.

हे वाक्य नकाशावर ठेवून पाहा. माझ्या वर्गात मी मुलांना ट्रेसिंग पेपर देतो आणि फक्त या वाक्यावरून सीमा काढायला सांगतो. सगळे सरोवरापासून पश्चिमेला एक बऱ्यापैकी सरळ रेघ ओढतात. मग मी खरा नकाशा पुढे करतो. पंज नदी, म्हणजे ऑक्ससचा वरचा प्रवाह, इश्काशिमपर्यंत पश्चिमेला येते आणि तिथे एकदम उत्तरेला वळते. शुग्नान, रोशान आणि दरवाझमधून मोठं वेटोळं घालून मग ती परत नैऋत्येला उतरते. शुग्नान आणि रोशान ही दोन्ही छोटी राज्यं नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली होती. दरवाझही तसंच, आणि ते बुखाऱ्याच्या अमीराकडे होतं. म्हणजे ‘नदी ही सीमा’ म्हटलं की तीन राज्यं मधोमध चिरली जातात. शिवाय रेघ सरोवरापाशी सुरू होते. सरोवराच्या पूर्वेला चीनच्या हद्दीपर्यंत काय, याबद्दल पत्रात एक शब्द नाही.

पत्र लिहिणाऱ्यांकडे होतं काय? मुख्यतः एका माणसाचा प्रवास. जॉन वुड हा कंपनीच्या इंडियन नेव्हीतला लेफ्टनंट, म्हणजे मुंबईच्या आरमाराचा माणूस. तो कंपनीचा वकील अलेक्झांडर बर्न्स याच्या शिष्टमंडळाबरोबर काबूलला गेला आणि फेब्रुवारी १८३८ मध्ये गोठलेल्या पंजच्या कडेने चढत झोरकुल सरोवरापाशी (पत्रातलं ‘सरीकुल’ ते हेच) पोचला. हेच ऑक्ससचं उगमस्थान, असं त्याने ठरवलं. समुद्राचा माणूस असून हिवाळ्यात चार हजार मीटरवर जाऊन त्याने केलेलं ते काम खरोखर मोठं होतं. पण त्याने पाहिली ती इश्काशिमच्या पूर्वेची नदी. उत्तरेचं वेटोळं त्याने पाहिलं नव्हतं.

ते वेटोळं नीट कळलं कराराच्या नंतर. १८७४ मध्ये कॅप्टन ट्रॉटरच्या हाताखालचा ‘मुन्शी’ अब्दुल सुभान पंजच्या काठाने खाली शुग्नान-रोशानपर्यंत गेला आणि नदी कशी वळते ते मोजून आला. त्याआधी १८६८-६९ मध्ये ‘मिर्झा’ वाखानमधून काश्गरला जाऊन आला होता. सर्वेक्षण खात्याने तयार केलेल्या या हिंदी माणसांची पद्धत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. नैनसिंगचं उदाहरण घ्या. त्याचं पाऊल ३३ इंचांचं बसवलेलं, चढावर आणि उतारावरही तेवढंच. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. माळेचा एक फेरा म्हणजे दहा हजार पावलं, सुमारे आठ किलोमीटर. टिपणं प्रार्थनाचक्राच्या आत दडवलेली. लंडनमधल्या सह्यांची नावं आपण पाठ करतो, पण रेघ कुठून जाते हे ज्यांच्या पायांमुळे कळलं ती माणसं पाठ्यपुस्तकात तळटीपेतही नसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

१८८३ मध्ये अमीर अब्दुर रहमानने शुग्नान आणि रोशान घेतलं, नदीच्या दोन्ही काठांवर. १८७३ चा करार शब्दशः धरला तर उत्तरेचा काठ त्याचा नव्हता. त्याच वर्षी वाखानचा शेवटचा मीर अली मर्दान शाह आपली माणसं घेऊन हिंदुकुश ओलांडून चित्रालच्या बाजूला निघून गेला. वाखानबद्दल पुढे जी काही पत्रं लिहिली गेली, त्यांत वाखानचा कोणीही माणूस कुठल्याच खोलीत नव्हता.

मग १८८५ चं पंजदेह. हे पश्चिमेकडचं टोक, हेरातच्या उत्तरेला. ३० मार्चला जनरल कोमारोव्हच्या रशियन फौजेने तिथे अफगाण सैन्य उधळून लावलं. अमीर त्या वेळी रावळपिंडीत व्हाइसरॉय डफरिनचा पाहुणा होता. लंडनमध्ये ग्लॅडस्टनने युद्धाच्या तयारीसाठी १.१ कोटी पौंड मंजूर करून घेतले. युद्ध टळलं, कारण पंजदेह रशियाकडे आणि झुल्फिकार खिंड अफगाणिस्तानकडे अशी तडजोड निघाली. पंजदेहसाठी आपला देश रणांगण व्हावा अशी अमीराची इच्छा नव्हती. हरी रूदपासून ऑक्ससवरच्या खामियाबपर्यंतची सीमा १८८७ पर्यंत आखून झाली. पूर्वेचं टोक, पामीर, तसंच मोकळं राहिलं.

पामीरमध्ये काय झालं हे मी नेहमी बोझाई गुंबझच्या प्रसंगातून सांगतो. वाखानच्या पूर्व टोकाजवळ जुन्या थडग्यांचे काही घुमट आहेत. नाव त्यावरूनच पडलं. ऑगस्ट १८९१ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन फ्रान्सिस यंगहजबंड तिथे मुक्कामाला होता. रशियाचा कर्नल योनोव्ह कोसॅक घोडेस्वारांची तुकडी घेऊन आला. एकमेकांना चहा झाला, जेवण झालं, राणी व्हिक्टोरिया आणि झार यांच्या नावाने प्याले उचलले गेले. योनोव्हने त्याला नकाशा दाखवला. त्यात रशियाने आपला म्हणून रंगवलेला मुलूख थेट हिंदुकुशच्या कण्यापर्यंत खाली आलेला होता. तुकडी पुढे निघून गेली. तीन दिवसांनी, १७ ऑगस्टच्या रात्री, योनोव्ह परत आला आणि अवघडून म्हणाला की हा रशियाचा प्रदेश आहे, तुम्हाला इथून जावं लागेल. यंगहजबंडकडून लेखी हमी घेतली गेली. दोघांमध्ये वैर असं काही नव्हतं. ज्या जागेवर हक्क सांगितला जात होता ती दोघांच्याही सरकारांनी कधी धड पाहिलेली नव्हती. लंडनने निषेध केला आणि पुढच्या वर्षी रशियाने मान्य केलं की योनोव्हचं वागणं बेकायदा होतं.

पण तोवर दोन्हीकडची माणसं आणखी पुढे गेली होती. डिसेंबर १८९१ मध्ये ब्रिटिशांनी गिलगिटच्या उत्तरेची हुंझा-नगर ही छोटी राज्यं घेतली. जुलै १८९२ मध्ये पामीरमधल्या सोमाताशला योनोव्हच्या माणसांची अफगाण ठाण्याशी चकमक झाली आणि तिथला अफगाण कप्तान शम्सुद्दीन आपल्या शिपायांसकट मारला गेला. १८९३ मध्ये मुर्गाबला रशियन ठाणं कायमचं बसलं. आता दोन साम्राज्यांच्या मध्ये फक्त वाखानची दरी उरली होती, काही ठिकाणी जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद.

१२ नोव्हेंबर १८९३ ला काबूलमध्ये ड्युरँडने जो करार केला तो आपल्याला ड्युरँड रेषेमुळे ठाऊक असतो. त्याच दिवशी अमीराने आणखी एक गोष्ट मान्य केली: शुग्नान-रोशानचा नदीपलीकडचा भाग सोडायचा आणि बदल्यात दरवाझचा नदीअलीकडचा भाग घ्यायचा. त्याचं वार्षिक अनुदान १२ लाखांवरून १८ लाख रुपये झालं. १८७३ च्या मजकुरातली चूक दुरुस्त करायला वीस वर्षांनी ही किंमत मोजली गेली, आणि ती शुग्नानच्या दोन काठांवरच्या एकाच घरातल्या माणसांनीही मोजली.

वाखान मात्र अमीराला नको होतं. त्याचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं: एवढ्या लांब, उघड्या, बर्फाळ पट्टीत मी फौज कशी ठेवणार? हा लांब केलेला हात रशियाने तोडला तर मी काय करू? जात्याच्या दोन दगडांमध्ये सापडलेल्या दाण्याची उपमा त्याच्या नावावर आहे, आणि वाखानच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडते. तरीही ब्रिटिशांनी त्याला ते घ्यायला लावलं. कारण त्यांना स्वतःला ते नको होतं आणि रशियाकडेही जायला नको होतं.

आता १८९५ च्या मजकुराकडे या, कारण सगळी गोम त्यात आहे. झोरकुल सरोवराच्या पूर्व टोकापासून रेघ डोंगरांच्या माथ्यांवरून बेंडर्स्की आणि ओर्ता-बेल खिंडींपर्यंत जाईल. मग अक्सू नदीवरच्या किझिल रबातला उतरेल, पण किझिल रबात सरोवराच्या अक्षांशाच्या उत्तरेला नसेल तरच. ते उत्तरेला निघालं, तर अक्सूवर त्या अक्षांशाच्या दक्षिणेला जी सोयीची जागा असेल तिथे. दोन महासत्तांच्या करारात हा ‘जर-तर’ लिहिलेला आहे. सह्या करणाऱ्यांना ती जागा नकाशावर नेमकी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि या खेपेला त्यांनी ते अज्ञान मजकुरातच मांडून ठेवलं. १८७३ पेक्षा हा करार चांगला टिकला त्याचं मोठं श्रेय मी या प्रामाणिकपणाला देतो. विद्यार्थ्यांनी मुत्सद्देगिरीतून एकच गोष्ट शिकायची म्हटलं तर मी हीच निवडेन.

त्याच मजकुरात दुसरी महत्त्वाची अट आहे. हिंदुकुश आणि या रेघेच्या मधला प्रदेश अमीराचा राहील, तो ब्रिटन आपल्या राज्याला जोडणार नाही, आणि तिथे लष्करी ठाणी किंवा किल्ले बांधले जाणार नाहीत. ‘बफर’ म्हणजे काय, हे या कलमात आहे. जमीन कोणाच्या नावावर यापेक्षा तिथे कोणी काय करायचं नाही, याची ती हमी होती.

त्या उन्हाळ्यात झोरकुलच्या काठी दोन्ही आयोग भेटले. ब्रिटिशांकडून जनरल जेरार्ड आणि सर्वेक्षणाला कर्नल होल्डिच, रशियाकडून जनरल पोवालो-श्वेइकोव्स्की. अमीराचे प्रतिनिधीही होते. मोजणी, मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती आणि शिकार असं सगळं चाललं, आणि सप्टेंबरपर्यंत खांब उभे राहून काम संपलं. ज्या रांगेवरून रेघ गेली तिला झारचं नाव दिलं गेलं, निकोलस रेंज. चीन या सगळ्यात नव्हताच, त्यामुळे पूर्वेचं टोक कागदावर तरी अधांतरी राहिलं. अफगाणिस्तान आणि चीन यांच्यातल्या त्या छोट्याशा सीमेचा करार थेट नोव्हेंबर १९६३ मध्ये झाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, ज्यासाठी आखली त्यापुरती पट्टी उपयोगी पडली. १८९५ नंतर पामीरमध्ये ब्रिटिश आणि रशियन सैनिक एकमेकांसमोर आले नाहीत. पण याचं सगळं श्रेय पट्टीला देऊ नका. रशियाचं लक्ष पूर्वेला मांचुरियाकडे वळलं, १९०५ मध्ये जपानकडून तो हरला, आणि ब्रिटनला जर्मनीची काळजी लागली. ३१ ऑगस्ट १९०७ च्या करारात दोघांनी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट या तिन्ही प्रदेशांबाबत समझोता केला. अफगाणिस्तानचं कलम अमीराच्या संमतीनंतर लागू होईल असं त्यात होतं. अमीर हबीबुल्लाने संमती दिलीच नाही, आणि दोन्ही साम्राज्यांनी ते लागू आहे असंच धरलं. १८९५ मध्ये बापाला नको असलेली जमीन दिली, १९०७ मध्ये मुलाला न विचारता त्याच्या देशाबद्दल ठरवलं. परीक्षेत ‘बफर राज्याचं मूल्यमापन करा’ असं आलं तर या दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहा.

आणि ती माणसं. वाखी लोक आज चार देशांत आहेत: अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, पाकिस्तान आणि चीन. भाषा एक, पंथ बहुतेकांचा इस्माइली. साम्राज्यं होती तोवर नदी ओलांडून लग्नं व्हायची, मेंढ्या जायच्या. सोव्हिएत काळात पलीकडचा काठ बंद झाला, १९४९ नंतर चीनची बाजूही. पूर्वेच्या पठारावरचे किरगिझ उन्हाळी-हिवाळी कुरणांच्या फेऱ्यांवर जगायचे, त्यांच्या वाटेचे तीन तुकडे झाले. १९७८ मध्ये त्यांचा प्रमुख रहमान कुल हजाराहून अधिक किरगिझांना घेऊन पाकिस्तानात उतरला, आणि त्यातले बरेच पुढे तुर्कीत वान प्रांतात जाऊन वसले. दोन वर्षांनी सोव्हिएत फौजा वाखानमध्ये शिरल्या. किल्ले न बांधण्याची हमी देणारं एकही साम्राज्य तेव्हा उरलेलं नव्हतं.

शेवटी तुमचे १०६ किलोमीटर. वाखानची दक्षिण सीमा हिंदुकुशच्या माथ्यावरून जाते. तिच्या दक्षिणेचा गिलगिटचा भाग जम्मू-काश्मीर संस्थानाचा. ऑक्टोबर १९४७ च्या विलीनीकरणामुळे तो भारताचा आहे ही भारताची भूमिका आहे, प्रत्यक्ष ताबा पाकिस्तानकडे आहे. म्हणून गृह मंत्रालयाच्या यादीत ही सीमा येते आणि पाकिस्तानच्या नकाशात तीच त्यांची म्हणून दाखवलेली असते. नकाशा काढायचा सराव करताना आधी झोरकुल ठेवा, मग इश्काशिम, मग पंजचं उत्तरेचं वेटोळं, आणि सगळ्यात शेवटी पूर्वेला वाखजीर खिंड. इश्काशिम दोनदा लिहा, नदीच्या अलीकडे आणि पलीकडे. दोन्ही काठांवरच्या गावांचं नाव तेच आहे.